ऐकत नाही आणि ऐकू येत नाही

आमचा मळा नाशिकच्या कडेला होता. आता तिथे इमारती उभ्या आहेत, पण मी लहान असताना मागच्या दारातून पाऊल टाकलं की शेवंतीचे वाफे लागायचे, त्यांच्या पलीकडे मेथी-कोथिंबीर आणि विहिरीच्या अंगाला गुलाब. वडील पहाटे फुलं घेऊन बाजारात जायचे. घरचं आणि मळ्यातलं मिळून बाकी सगळं आई बघायची. मी थोरली, माझ्यामागे एक भाऊ.

मी तेव्हा पहिली-दुसरीत असेन. दिवाळीच्या आधीचे दिवस होते, शेवंती भरात आली होती आणि देवळ्याची आत्या राहायला आली होती. आईने मला विहिरीपाशी बसवलं होतं. वाफे भरत आले की ती लांबून सांगणार आणि मी मोटर बंद करणार, एवढंच काम. मी खडे खेळत बसले. थोड्या वेळाने मान वर केली तर आई वाफ्यांच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून हात हलवत होती. मीही हात वर केला आणि हलवला. तिने आणखी जोरात हलवला, मग मीही जोरात हलवला आणि मला हसू आलं. एवढ्या कामात आई माझ्याशी खेळतेय, याचा मला फार आनंद झाला होता.

तोवर पाणी बांध फोडून पलीकडच्या वाफ्यात शिरलं होतं. आई चिखल तुडवत आली, मोटर बंद केली आणि मला पाठीत धपाटा घातला. आत्या ओट्यावर बसून हे सगळं बघत होती. तिच्याकडच्या बोलीत ती म्हणाली, "हाई पोर मुजोर शे. हात करून चिडवत होती तुला." हे मला आईने पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. त्या वेळी मला फक्त आत्याचे हलणारे ओठ दिसले, आणि ती माझ्याबद्दलच काहीतरी वाईट बोलतेय हे तिच्या भुवयांवरून कळलं.

मला जन्मापासूनच कमी ऐकू येतं. अगदी काहीच येत नाही असं नाही. जवळून, समोरून, शांत जागी कोणी बोललं तर बरंचसं कळायचं आणि उरलेलं मी ओठांवरून जुळवायचे. त्यामुळे घरात कोणाला शंकाच आली नाही. ही कधी ऐकते, कधी ऐकत नाही, म्हणजे मनात आलं तरच ऐकते, असा त्याचा सरळ अर्थ लावला गेला. आणि एकदा 'ही ऐकत नाही' असं ठरल्यावर पुढचं सगळं आपोआप त्यात बसत गेलं. पाहुण्यांनी नाव विचारलं आणि मी गप्प राहिले, तर मी शिष्ट. भावाने मागून हाक मारली आणि मी वळले नाही, तर मी भाव खाते. जेवायला ये म्हटल्यावर आले नाही, तर रुसून बसले. खरं तर मी रुसलेली कधीच नसायचे. मला भूक लागलेली असायची आणि अजून कोणी बोलावत कसं नाही, याचं आश्चर्य वाटत असायचं.

कोणी वाईट नव्हतं. आईने मला जीव लावला, वडिलांनी तर कधी बोटही लावलं नाही. पण ते सगळे माझ्याकडे त्या एका शब्दातून बघत होते, आणि त्यातून दिसणारी मुलगी हट्टी होती.

मलाही ती तशीच दिसायची. हे सांगितलं की लोकांना नवल वाटतं. दुसऱ्यांना आपोआप ऐकू येतं हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, ऐकणं म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखं काहीतरी आहे. बाकीचे नेट लावून ते करतात आणि मी आळशी आहे, म्हणून माझ्याकडून होत नाही. मी सरावसुद्धा करायचे. मागच्या पायरीवर बसून मान ताठ करायची, श्वास रोखायचा, डोळे मिटायचे आणि ऐकायचा प्रयत्न करायचा. डोळे मिटले की उरलंसुरलंही जायचं. मग मी आईकडे जाऊन सांगायचे, "उद्यापासून मी ऐकीन." आई हातातलं काम न थांबवता म्हणायची, "बघू."

शाळेतही तेच झालं, फक्त शब्द जरा शुद्ध होते. "लक्ष देत नाही." लक्ष न देणाऱ्या मुलांना आमच्या बाई मागच्या बाकावर बसवायच्या, म्हणजे पुढच्या मुलांना त्रास नको. मागच्या बाकावरून मला फक्त वेण्या आणि मानेवरचे केस दिसायचे. बाईंचा चेहरा दिसायचा नाही, त्यामुळे जे थोडंफार समजायचं तेही थांबलं. मग बाई म्हणाल्या की हिचं आता अजिबातच लक्ष नाही, आणि त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

हे बदललं ते एका खोकल्यामुळे. चौथीत असताना थंडीत मला खोकला झाला, तो महिनाभर हटेना. तेव्हा आई मला नाशिकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर वयस्कर बाई होत्या. मान खाली घालून काहीतरी लिहीत असतानाच त्यांनी मला जीभ दाखवायला सांगितलं. बाहेर गाड्यांचा गोंगाट चालला होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी कॅलेंडरच बघत होते. आईला लाज वाटली. ती म्हणाली, "तिला काय सांगू नका, ही ऐकतच नाय. कोणाचंच ऐकत नाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि आईकडे बघितलं.

"ऐकत नाही, का ऐकू येत नाही?"

"तेच ते," आई म्हणाली.

"तेच नाही ते."

त्या उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. हे आणि पुढचं मला आईकडूनच माहीत आहे, कारण मी तेव्हाही कॅलेंडरकडेच तोंड करून होते. त्यांनी मागून माझं नाव घेतलं, मी हलले नाही. त्या बाहेरच्या बाकावरच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "तुला चॉकलेट हवंय का?" मी हलले नाही. तेव्हा आई खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसली. मला आठवतं ते एवढंच, की मी वळून पाहिलं तेव्हा आई माझ्याकडे अशी बघत होती की मला वाटलं, माझ्या खोकल्याचं काहीतरी फार गंभीर निघालं.

डॉक्टरांनी कानाच्या तपासणीसाठी दुसरीकडे पाठवलं. खोकल्याचं औषध दिलं का, तेही आता आठवत नाही. घरी येताना रिक्षात आईने माझा चेहरा दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे वळवला आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "शेवंतीत पाणी शिरलं, त्या दिवशी मी मोटर बंद कर म्हणत होते. ते तुला ऐकू नव्हतं आलं?"

मी म्हणाले, "मला वाटलं तू टाटा करतीस."

आईने माझा चेहरा सोडला नाही. ती रडत होती आणि मधेच हसतही होती, आणि रिक्षावाला आरशातून पुन्हा पुन्हा मागे बघत होता. तिने मला मग एकामागून एक विचारायला सुरुवात केली. काकाच्या लग्नात तुला हाक मारली तेव्हा? बाजारात हरवलीस तेव्हा? प्रत्येकाचं उत्तर तेच होतं आणि प्रत्येक वेळी तिच्या डोक्यातली एक जुनी गोष्ट पुन्हा नव्याने मांडली जात होती. मळ्याच्या वळणावर उतरेपर्यंत, गेल्या कित्येक वर्षांतली एक हट्टी मुलगी तिच्यापुरती नाहीशी झाली होती. मी तीच होते, माझ्या कानातसुद्धा तेव्हा काही बदल झाला नव्हता.

तपासण्या झाल्या, पुढे मशीन आलं. मशीन लावल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलेला आवाज म्हणजे आई मेथी निवडत होती, ते देठ तुटण्याचे बारीक आवाज. भाजीला आवाज असतो हे मला ठाऊकच नव्हतं. मी तिच्याशेजारी बसून सगळी जुडी एकटीने मोडली. त्यातली बरीचशी नुसती आवाजासाठी.

आईने नंतर एकेका नातेवाईकाला गाठून सांगायचा सपाटा लावला. पोर ऐकत नाय असं नव्हतं, तिला ऐकूच येत नव्हतं. देवळ्याची आत्या उन्हाळी कांदे घेऊन आली तेव्हा तिलाही सांगितलं. आत्याने वाकून माझ्या कानातलं मशीन बघितलं. मग तिने मला जवळ ओढून माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आईला म्हणाली, "म्हणजे बहिरी शे का ही? अरेरे."

मायेनेच म्हणाली ती. पण त्या दिवसापासून घरात दुसरा शब्द आला, आणि तो शाळेतही पोचला.

'हट्टी' गेला याचा मला आनंद होता, म्हणून 'बहिरी'बद्दल माझी सुरुवातीला काही तक्रार नव्हती. पुढच्या बाकावर बसायला मिळालं. धपाटे थांबले. पण हळूहळू लोक माझ्याशी बोलायचेच थांबले. आधी ते मला ओरडून तरी सांगायचे, आता आईला सांगायचे. "तिला भूक लागलीय का विचार." मी समोर उभी असायचे. वर्गात बाई तोंडी प्रश्न विचारताना माझ्यापाशी आल्या की हसून पुढे जायच्या. कविता म्हणायची पाळी आली की म्हणायच्या, "राहू दे तिला." आधी त्यांना वाटायचं, हिला जमतं पण ही करत नाही. आता वाटायचं, हिची करायची इच्छा आहे पण हिला जमायचं नाही. मला कोणी काही विचारेनासं झालं, आणि खोटं कशाला सांगू, काही दिवस मला ते आवडलं. पाठांतर नाही, तोंडी परीक्षा नाही. कोणी रागावत नाही. पुढे पुढे मात्र मी आरशासमोर उभी राहून कविता म्हणायला लागले. ती ऐकायला कोणीही येणार नाही, हे माहीत असून म्हणायचे.

वडील कमी बोलणारे होते. या सगळ्यावर त्यांनी घरात कधी काही म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यांनी एवढंच केलं, की सुट्टीच्या दिवशी मला फुलबाजारात न्यायला सुरुवात केली. गोदावरीच्या बाजूच्या त्या बाजारात पहाटेपासून एवढा गोंधळ असायचा की धड कान असलेल्यांनाही काही ऐकू यायचं नाही. हारवाले, मळेवाले, हमाल सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघून, बोटं दाखवून, माना हलवून बोलायचे. माझं नेहमीचं जगणं तिथे सगळेच जगत होते. मशीन मी तिथे गेल्या गेल्या काढून खिशात ठेवायचे.

पहिल्याच दिवशी एका हारवाल्याने मला काहीतरी विचारलं आणि मी वडिलांकडे पाहिलं. शेजारचा ओळखीचा मळेवाला मदतीला म्हणून आपल्या कानाकडे बोट दाखवून त्याला काहीतरी सांगू लागला. काय सांगत असणार ते मला ठाऊक होतं. वडिलांनी गुलाबाच्या गड्ड्या खाली ठेवल्या आणि त्या दोघांच्या मधे, मला ओठ दिसतील असे उभे राहून म्हणाले, "तिला समोरून सांगा. तिला सगळं कळतं."

एवढंच. मग हारवाल्याने मला समोरून विचारलं आणि मी गुलाबाचा भाव सांगितला.

हे वाक्य वडील पुढे सगळीकडे वापरायला लागले. नातेवाइकांत, दुकानात, शाळेत. ही अशी आहे, तशी आहे, असं त्यात काहीच नव्हतं. बोलणाऱ्याने काय करायचं तेवढं होतं. लोकांना एखादी साधी गोष्ट करायला सांगितली की ते करतात, हे मला तेव्हा कळलं. वडील एका पालकसभेला आले आणि बाईंनाही अगदी नम्रपणे हेच म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात बाई कवितेच्या वेळी माझ्यासमोर थांबल्या. मी उभी राहिले आणि आरशासमोर पाठ केलेली ती सगळी कविता म्हटली. माझे काही उच्चार बोबडे आले असतील. पण बाई मधे बोलल्या नाहीत आणि वर्गही हसला नाही. नंतर मला रोजच प्रश्न यायला लागले, आणि मी अभ्यास करत नाही म्हणून पुन्हा रागावणंही सुरू झालं. त्या रागावण्याने मी किती खूश झाले होते, ते कोणाला सांगितलं नाही.

मी शिक्षिका झाले. शहराच्या कडेच्या एका प्राथमिक शाळेत आता बरीच वर्षं शिकवते आहे. आमच्या शाळेत सुरगाण्याकडची बरीच मुलं येतात. भात निघाला की त्यांचे आईवडील जीपने नाशिकला येतात, द्राक्षबागांत आणि बांधकामांवर काम करतात आणि पेरणीच्या वेळी परत जातात. मुलं त्यांच्याबरोबर येतात-जातात, आणि शाळा त्यांच्यामागे धावत असते.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर त्यातलीच एक मुलगी माझ्या तिसरीच्या वर्गात आली. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि तोंडातून शब्द नाही. हजेरीला ती हात वर करायची. प्रश्न विचारला की फळ्याकडे बघायची. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच शिक्षकांच्या खोलीत तिच्याबद्दल बोललं जायला लागलं. माझ्या शेजारच्या वर्गाच्या बाई वयाने आणि नोकरीने आम्हा सगळ्यांपेक्षा थोरल्या आहेत, तोंडाने फटकळ. त्यांनी एक-दोनदा माझा वर्ग सांभाळला होता. त्या म्हणाल्या, "ती मुलगी मख्ख आहे गं. बोलतच नाही. भिंतीला विचारलं तर भिंत तरी काही सांगेल."

'बोलतच नाही' हे ऐकलं आणि माझी लगेच खात्री पटली. मी मनात म्हटलं, हिला ऐकू येत नाही. हे मला नाही कळणार तर कोणाला कळणार? मी तिच्या आईला बोलावून घेतलं, सगळं समजावलं, एक दिवसाची मजुरी बुडवून त्या माऊलीने मुलीला माझ्याबरोबर तपासणीला आणलं. मुलीने कानाला यंत्र लावून घेतलं, ऐकू आलं की बटण दाबायचं ते बरोबर दाबलं. तपासणाऱ्यांनी सांगितलं की हिचे कान उत्तम आहेत.

मला हायसं वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात मी थोडी हिरमुसले. बाहेर येऊन बाकावर बसल्यावर माझ्या लक्षात आलं की थोरल्या बाईंनी तिला एक शब्द चिकटवला होता आणि मी घाईघाईने तो काढून माझा चिकटवला होता. ती काय करते, हे दोघींपैकी कोणीच नीट बघितलं नव्हतं.

मग मी बघायला लागले. ती वेळेवर येते. गणितं इतरांच्या आधी होतात. कोणाची पेन्सिल पडली की उचलून देते. मधल्या सुट्टीत पहिलीतल्या तिच्या भावाजवळ कुंपणापाशी बसते आणि त्याच्याशी अखंड बोलते, हातवारे करून, त्यांच्या कोकणीत, म्हणजे सुरगाण्याकडच्या कोकणा लोकांच्या बोलीत. मी जवळ गेले की थांबते. वर्गातल्या एका मुलीला मी सहज विचारलं की ही पहिल्या दिवशी तरी काही बोलली होती का. ती म्हणाली, हो, बोलली होती ना. तिने बाईंना, म्हणजे मी रजेवर होते म्हणून त्या दिवशी वर्गावर आलेल्या बदली बाईंना, पाणी प्यायला जाऊ का असं तिच्या भाषेत विचारलं, आणि सगळे हसले. बाईंनी तिला ते वाक्य शुद्ध करून तीनदा म्हणायला लावलं. त्यानंतर ती बोलली नाही.

जानेवारीत मुख्याध्यापिकांनी मला बोलावून विचारलं की या मुलीला विशेष गरजांच्या मुलांत दाखवायचं का. थोरल्या बाई तिथेच बसल्या होत्या. मी म्हटलं, इतक्यात नको. मी बघितलेलं सगळं सांगितलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पण ती बोलत नाही हे तर खरं ना?"

"ती वर्गात अजून बोललेली नाही," मी म्हणाले. "आपण तेवढंच म्हणू या का?"

थोरल्या बाई हसल्या. म्हणाल्या, दोन्हींत फरक काय, उत्तर तर मिळत नाहीच. मी वाद घातला नाही. पण त्या दिवसापासून त्यांना चेष्टेला एक विषय मिळाला. रोज डबा उघडताना त्या मला विचारायच्या, "काय मग, अजून?" मी म्हणायचे, "अजून नाही." दोन आठवड्यांत बाकीचेही विचारायला लागले. शिपाईदादासुद्धा घंटा दिल्यावर माझ्याकडे बघून भुवया उंचावायचे. चेष्टेतून का होईना, सगळी शाळा आता एका मुलीच्या बोलण्याची वाट बघत होती. आणि वाट बघणारी माणसं वेगळं वागतात. थोरल्या बाई वऱ्हांड्यात तिच्यापाशी थांबून "काय गं, जेवलीस का?" असं विचारायला लागल्या. उत्तर आलं नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या. भिंतीला असं कोणी विचारत नाही.

वर्गात मी तिला "बोल ना" म्हणणं बंद केलं. एका तासाला धान्यांची चित्रं लावली होती आणि त्यांना घरी काय म्हणतात ते मुलांनी फळ्यावर लिहायचं होतं. नाचणीच्या चित्राखाली ती उठून गेली आणि 'नागली' असं लिहून जागेवर येऊन बसली. मी म्हटलं, आमच्याकडेही मळ्यातली माणसं नागलीच म्हणायची. तिने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. बोलली मात्र नाही.

बोलली ती फेब्रुवारीच्या अखेरीस, आणि माझ्याशी नाही. शाळा सुटल्यावर थोरल्या बाई भाजीची पिशवी घेऊन फाटकाकडे निघाल्या होत्या. मागून ही मुलगी धावत आली आणि त्यांच्या आडवी उभी राहून म्हणाली, "बाई, पिशवी फाटली." बाईंनी मागे बघितलं तर वऱ्हांड्यापासून फाटकापर्यंत वाटाण्याच्या शेंगा सांडत आल्या होत्या. दोघींनी मिळून त्या वेचल्या. वेचताना तिने बाईंना विचारलं की ह्या वाटाण्याचं काय करणार. बाई म्हणाल्या, उसळ. ती म्हणाली, आमची आई नुसते मीठ टाकून उकडते, ते पण छान लागतात.

मी तेव्हा वर्गाला कुलूप लावत होते. थोरल्या बाई फाटकी पिशवी पोटाशी धरून परत आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नेहमीचाच फटकळ.

"माझ्याशी बोलली," त्या म्हणाल्या. "तुझ्याशी नाही. माझ्याशी."

मार्चमध्ये ती वर्गातही बोलू लागली, आधी शेजारणीशी, मग माझ्याशी. अर्धं तिच्या बोलीत, अर्धं आमच्या. हसणारी मुलं पहिल्यांदा थोडी हसली, पण तोवर ती मधल्या सुट्टीत लंगडीचा डाव लावणारी झाली होती, त्यामुळे हसणाऱ्यांना डावात घ्यायचं की नाही हे तिच्याच हातात होतं. मे महिन्यात तिची आई गावी जायचं सांगायला शाळेत आली. पोर तरास तर देत नाय ना, असं तिने विचारलं. मी काही म्हणायच्या आत थोरल्या बाई म्हणाल्या, "देते ना. तोंड म्हणून बंद नसतं." आई घाबरली. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की हे मी कौतुकाने म्हणतेय, आणि दिवाळीनंतर हिला इथेच घेऊन या.

यंदा ती आली. चौथीत आहे, थोरल्या बाईंच्या वर्गात, बाईंनीच मागून घेतली. तिच्याबरोबर त्यांच्या पाड्यावरची आणखी दोन मुलं आहेत, माझ्या तिसरीत. पहिल्या दिवशी ती त्यांना हाताला धरून माझ्या वर्गाच्या दारात घेऊन आली. चपला कुठे काढायच्या, कुठल्या बाकावर बसायचं, पाणी कुठे असतं, हे तिने त्यांना त्यांच्या भाषेत भराभर सांगितलं. मग त्यांतल्या एका मुलाच्या डोक्यावर हात ठेवून माझ्याकडे वळली आणि आमच्या मराठीत म्हणाली, "बाई, ह्याला सगळं समजतं, पण तो आधी दोन दिवस नुसता बघतो. मग बोलतो."

मी म्हटलं, चालेल. त्या मुलाला मी खिडकीजवळ बसवलं, जिथून त्याला सगळा वर्ग दिसेल.